संगणकासमोरच्या खुर्चीत कोण बसते?

मध्यंतरी आमच्या वरणगाव परिसरातील एका माध्यमिक शाळेच्या संगणक कक्षात जाण्याचा योग आला. दारावर संगमरवरी पाटी होती. एका व्यापारी कुटुंबाने वडिलांच्या स्मरणार्थ दहा संगणक दिले होते, त्यांपैकी सहा चालू आणि चार आच्छादनाखाली होते. वर्गात पन्नासहून अधिक विद्यार्थी होते. सहाही खुर्च्यांवर मुलगे बसले होते आणि मुली मागे उभ्या राहून फळ्यावरचा मजकूर वहीत उतरवून घेत होत्या. त्यांना कोणी मनाई केली नव्हती. ज्यांच्या घरी संगणक आहे ती मुले आधी धावली, खुर्च्या भरल्या आणि तास सुरू झाला, एवढेच. शिक्षकांना त्यात काही वावगे वाटले नाही, आणि खरे सांगायचे तर पहिली दहा मिनिटे मलाही वाटले नाही.

नंतर मात्र बँकेतील जुने दिवस आठवले. डॉ. रंगराजन समितीच्या १९८४ च्या शिफारशींनंतर शाखाशाखांतून खातेनोंदीची यंत्रे येऊ लागली. मी ज्या शाखेत होतो तेथे प्रशिक्षणासाठी दोन तरुण लिपिकांची नावे गेली. त्याच शाखेत एक ज्येष्ठ बाई होत्या. लेजरचा मेळ बसला नाही की सारे त्यांच्या टेबलापाशी जमत. बाई प्रथम फरकाच्या रकमेला नऊने भागून पाहत. भाग निःशेष गेला, तर कोठेतरी दोन अंकांची अदलाबदल झाली असावी, असे समजून त्या तशीच नोंद शोधत. ७,४२० च्या जागी ७,२४० लिहिले गेले तर फरक १८० येतो. नऊने भागल्यास २०. रोजमेळ लिहिणाऱ्या वाचकांना ही युक्ती नवी नाही. पण ज्याला आज संगणकीय विचारपद्धती म्हणतात, ती याहून निराळी काय असते? चूक कोणत्या प्रकारची आहे हे ओळखायचे, शोधाचे क्षेत्र लहान करायचे आणि ठरावीक क्रमाने पुढे जायचे. बाईंना ‘यंत्राचे जमणार नाही’ हे आम्ही परस्पर ठरवून टाकले होते. दोन वर्षांनी त्यांना संधी मिळाली, तेव्हा महिनाभरात त्या इतरांना शिकवू लागल्या.

शाळेत हे ‘परस्पर ठरवणे’ कसे घडते, याचा अभ्यास अमेरिकेत जेन मार्गोलिस यांनी केला. लॉस एंजेलिस शहरातील तीन माध्यमिक शाळांवरचे त्यांचे पुस्तक २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. गरीब वस्तीतील शाळांतही संगणक होते. पण तेथे शिकवले जाई ते बहुधा टंकलेखनाच्या पातळीचे. खऱ्या संगणकशास्त्राच्या वर्गात आधीच तरबेज असलेल्या मुलांचे लहानसे वर्तुळ असे आणि मुली व वंचित समाजातील विद्यार्थी तेथवर पोहोचतच नसत. म्हणून मार्गोलिस, जोआना गूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवा अभ्यासक्रम रचला आणि त्याच्या जोडीला शिक्षकांचे प्रशिक्षण ठेवले. या प्रशिक्षणाची रीत मला फार आवडली. तेथे व्याख्याने ऐकायची नसतात. काही शिक्षक धडा घेतात, बाकीचे विद्यार्थी होऊन बसतात आणि नंतर सारे मिळून चर्चा करतात. प्रश्न कोणाला विचारला गेला, कोण गप्प राहिले, कोणाचे उत्तर अर्ध्यावर तोडले गेले, हे स्वतः बाकावर बसल्याशिवाय कळत नाही.

कॅलिफोर्नियातीलच हार्वे मड महाविद्यालयात २००६ च्या सुमारास संगणकशास्त्र घेणाऱ्यांत मुली दहा-बारा टक्केच होत्या. पूर्वानुभव असलेले आणि नसलेले विद्यार्थी पहिल्या वर्गात वेगळे बसवणे, सोपी भाषा निवडणे आणि मुलींना या क्षेत्रातील स्त्रियांच्या परिषदेला नेणे, अशा उपायांनी हे प्रमाण काही वर्षांत चाळीस टक्क्यांच्या घरात गेले. विषय पातळ केला नव्हता.

आपल्याकडे प्रश्न थोडा वेगळा आहे. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या संगणक शाखेत मुली पुष्कळ दिसतात. पण त्या बहुतेक शहरातल्या, इंग्रजी माध्यमातल्या. येथील वर्गात आयुध निर्माणीतील कर्मचाऱ्यांची हिंदी बोलणारी मुले, घरी लेवा गणबोली बोलणारी मुले, केळीच्या बागांत मजुरी करणाऱ्यांची मुले आणि आपल्या दुकानदार घरांतील मुली एकत्र बसतात. यांपैकी कोण पुढे जाणार, हे पुष्कळदा आठवीच्या तासातच ठरून जाते.

त्या दृष्टीने ‘सीएस पाठशाला’ हा उपक्रम जवळचा वाटतो. एसीएम या संगणकतज्ज्ञांच्या जागतिक संस्थेच्या भारतीय शाखेने तो २०१६ मध्ये सुरू केला. त्यातील बराचसा भाग यंत्राविना, कागद, कोडी आणि खेळ यांच्या आधारे शिकवता येतो. भर शिक्षक तयार करण्यावर आहे. २००४ मध्ये लिथुआनियात सुरू झालेली ‘बेब्रास’ ही कोड्यांची स्पर्धाही याच उपक्रमाद्वारे भारतात होते आणि ती मराठीतूनही देता येते. समजा, हजार नावांची अकारविल्हे यादी आहे. बरोबर मध्ये उघडायची, नाव अलीकडे की पलीकडे ते पाहायचे आणि उरलेल्या निम्म्यात पुन्हा तेच करायचे. फार तर दहा खेपांत नाव सापडते. याला वीज लागत नाही आणि खुर्चीसाठी धावपळही नाही.

प्रशिक्षण द्यायचे कोणाला, हाही हिशेबाचा मुद्दा आहे. सरकारी योजनेतून अनेक शाळांत संगणक कक्ष आले, त्यांबरोबर कराराचे शिक्षक आले आणि करार संपताच ते गेले. त्यांच्याबरोबर शिकवण्याचा अनुभवही गेला. म्हणून शाळेत टिकून राहणारी गणिताची किंवा विज्ञानाची शिक्षिका तयार करणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. संस्थांच्या विश्वस्त मंडळांवर आपली माणसे असतात, देणग्या आपल्या घरांतून जातात. संगणकाचे मूल्य चार-पाच वर्षांत घसाऱ्यात जाते, हे व्यापाऱ्याला सांगायला नको. तरीही शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी, त्यांच्या प्रवासखर्चासाठी देणगी दिल्याची पाटी मी अजून कोठे पाहिलेली नाही.

त्या शाळेतील गणिताच्या बाईंना मी नऊची युक्ती सांगितली. त्यांनी ती आठवीत करून पाहिली. दोन-दोनच्या जोड्या केल्या आणि दर पाच मिनिटांनी पेन्सिल दुसऱ्याच्या हाती द्यायची, असा नियम घातला. चूक पहिल्यांदा सापडली ती संध्याकाळी वडिलांच्या किराणा दुकानातील उधारीची वही लिहिणाऱ्या एका मुलीला. संगणकाच्या तासालाही हाच नियम लावायचा बाईंचा विचार आहे. असे शिकवण्याचे रीतसर शिक्षण सुटीत कोठे मिळेल, असे त्यांनी मला विचारले. त्यांचा अर्ज लिहून झाला आहे. खर्चाच्या तरतुदीसाठी तो विश्वस्तांच्या पुढील सभेपुढे जाईल.