चकमकीचे फिरते पिस्तूल

नोव्हेंबर १८१७ मध्ये शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले, पुढल्या जूनमध्ये दुसरे बाजीराव माल्कम या इंग्रज सेनानीच्या स्वाधीन झाले, आणि त्याच १८१८ सालच्या नोव्हेंबरात बोस्टनहून लंडनला आलेल्या एलिशा कॉलियर नावाच्या अमेरिकन कल्पकाने, एकदा भरून लागोपाठ पाच बार काढता येतील अशा पिस्तुलाचे पेटंट घेतले. शनिवारवाड्याच्या शेजारच्या कसबा पेठेत, पेशवाईपासून तांबे मठारीत आलेल्या तांबट आळीतील कारागिरांपुढे ही वस्तू कोणी ठेवली असती, तर तिचे मर्म त्यांना तत्काळ उमगले असते, असे मला निश्चित वाटते. कारण तिची सारी अडचण सांध्याची होती.

तोवर एक बार झाला की नळीत पुन्हा दारू ओतून, गोळी ठासून, पेटवणीची दारू, म्हणजे रंजक, पेरून मगच घोडा चढवावा लागे. कॉलियरने नळीमागे पाच कोठ्यांचा फिरता दंडगोल बसविला. परंतु फिरता भाग आणि स्थिर नळी यांत फट राहिली, तर जळत्या दारूचा वायू निसटून बाराचा जोर ओसरतो, शिवाय शेजारच्या कोठ्याने पेट घेण्याचे भय असते. म्हणून प्रत्येक कोठ्याचे तोंड त्याने खोलगट कोरले, तपेल्यावर झाकण बसावे तसे ते नळीच्या टोकावर नेमके बसेल अशी योजना केली, आणि स्प्रिंगच्या दाबाने दंडगोल पुढे धरून ठेवला. आरंभी तो आपोआप फिरावा म्हणून घातलेली घड्याळाच्या धर्तीची स्प्रिंग पुढे काढून टाकावी लागली. मग प्रत्येक बारानंतर दंडगोल हाताने मागे ओढून फिरवणे आले. चकमक ज्याच्यावर आपटे त्या पोलादी झाकणातच रंजकाची लहानशी कोठी होती, व तीतून खालच्या वाटीत दर वेळी बेताचीच दारू पडे. कॉलियरच्या प्रतिभेचा खरा प्रत्यय मला येथेच येतो.

इंग्रज लष्कराने हे पिस्तूल स्वीकारले नाही. हाताने घासून जुळविलेले इतके सूक्ष्म काम महागही पडे आणि नाजूकही ठरे. तरी हिंदुस्थानातील काही गोऱ्या अंमलदारांनी ते पदरमोड करून बाळगले. १८३०-३१ च्या सफरीत तरुण सॅम्युएल कोल्टने कलकत्त्यास ते पाहिले, असेही काही जण सांगतात. पुढे चकमकीच्या जागी आघाताने पेटणारी टोपी आली, आणि घोडा चढविताच दंडगोल फिरेल अशा रचनेचे अमेरिकन पेटंट कोल्टने १८३६ मध्ये घेतले. त्याच्या कारखान्यांत पुढे ते काम यंत्रांनी होऊ लागले.

आमच्याकडे मात्र १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्यावाचून हत्यार बनविणे, विकणे व बाळगणे मना झाले, आणि धातूवर असा हात चालणाऱ्या माणसांना या प्रयोगात उतरण्याची वाटच उरली नाही.