खिचडीच्या सुट्टीतलं इंग्रजी

सकाळी सात. डबा भरतानाच दुसरी पिशवी भरते: कांदा, लसणाचा गड्डा, वांगं, मूठभर ज्वारी, चिंच, हिरवी मिरची. पहिली-दुसरीच्या इंग्रजीची आजची सामग्री एवढीच.

नऊ. जिंतूरहून एसटीनं फाट्यापर्यंत, पुढे पायी. तुरी निघाल्यात, ज्वारी हुरड्यात आलीय.

दहा. परिपाठ, हजेरी. दिवाळीनंतर आई-बाप ऊसतोडीला गेलेली काही मुलं आजीजवळ राहतात. म्हणून सकाळी काय खाल्लं, हा प्रश्न मी वर्गात इंग्रजीतही विचारत नाही. कुणी नुसत्या चहावर आलेलं असतं. ‘व्हॉट डू यू लाइक?’ असं विचारते. आवड प्रत्येकाला असते.

अकरा. इंग्रजीचा तास. भिंतीवरच्या तक्त्यात ब्रेड, केक, बर्गर आहेत. तक्ता राहू देते, पण सुरुवात तिथून करत नाही. न चाखलेला पदार्थ आणि न ऐकलेला शब्द, दोन्हींचं ओझं एकदम कशाला? डोळे मिटून पोरं पिशवीत हात घालतात. ‘व्हॉट इज धिस?’ लसूण वासानंच कळतो. ‘गार्लिक!’ चिंचेला टॅमरिंड म्हणतात. मुळात तो अरबांचा ‘तम्र हिंदी’, म्हणजे हिंदुस्थानचा खजूर. हे सांगितलं की तो अवघड शब्द पुन्हा विसरत नाहीत.

मग दरवर्षी येतो तो प्रश्न येतोच. “बाई, भाकरीला काय म्हणतेत?”

भाकरीला भाकरीच म्हणायचं. ‘आय लाइक भाकरी’ हे पुरतं इंग्रजी आहे. आपली चटणी इंग्रजांनी तशीच उचलली, खिचडीचं केजरी केलं. मग भाकरीनं काय घोडं मारलंय? परभणीच्या कृषी विद्यापीठानं 2018 मध्ये लोह आणि जस्त जास्त असलेलं ज्वारीचं ‘परभणी शक्ती’ वाण दिलं. त्या जिल्ह्यातल्या लेकरानं पहिला शब्द ब्रेड का गिरवावा?

एक. खिचडीची सुट्टी, आणि माझ्या मते दिवसातला सगळ्यात मोलाचा तास. पहिली ते पाचवीला मुलामागे 100 ग्रॅम तांदूळ. आधी मी चव घेऊन वहीत नोंद करते, मग पंगत बसते. ‘मोअर, प्लीज.’ ‘इनफ.’ ‘नो चिली.’ इथं शब्दाला लगेच फळ मिळतं, म्हणून लाजरी पोरंही बोलतात. वाढणाऱ्या ताई आता स्वतःच ‘मोअर?’ विचारतात. एका मुलानं ‘राइसेस’ मागितलं. त्याचं चुकलं म्हणावं तरी कसं? आपल्या शेतात धान, पोत्यात तांदूळ, ताटात भात. तांदूळ तर आपण अनेकवचनीच बोलतो. इंग्रजीत या सगळ्याला एकच राइस, आणि तो मोजायचा नाही. मी फक्त ‘येस, मोअर राइस’ म्हणून वाढायला सांगितलं. दुसऱ्या वेळी त्यानं बरोबर मागितलं.

अडीच. दुसरीचं लेखन. मग गणित, खेळ.

पाच. घंटा झाली तरी फळा पुसला नाही. त्यावर कांदा, लसूण, वांगं, चिंच, मिरची यांचे पाच इंग्रजी शब्द माझ्या अक्षरात आहेत. त्यांच्याखाली पहिलीतल्या एका मुलीनं रोमन अक्षरांत ‘भाकरी’ लिहिलंय.