शेळीला कसं कळतं, कोणता महिना चालू आहे?

कळंब तालुक्यात कुठल्याही वस्तीवर जा, दावणीला काळीभोर उस्मानाबादी शेळी दिसणारच. जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं, पण शेळी अजून उस्मानाबादीच आहे बरं का! तिला वर्षाच्या कोणत्याही महिन्यात करडं होऊ शकतात, पुष्कळदा जुळी.

त्यात काय नवल? आहे नवल! इंग्लंडमधल्या शेळीचं असं नसतं. उन्हाळा सरून दिवस लहान होऊ लागले की मगच ती माजावर येते. शेपटी सारखी हलवते, ओरडून गोठा डोक्यावर घेते, चाऱ्यात तोंड घालत नाही. पाच महिने गाभण राहून वसंतात विते, कोवळं गवत उगवतं तेव्हा. भर बर्फात करडू जन्मलं, तर आईने खायचं काय आणि त्याला पाजायचं काय?

पण गवत उगवायच्या पाच महिने आधीच तिला कळतं कसं? ती रात्र मोजते! अंधार पडला की डोळ्यांकडून निरोप जातो आणि मेंदूतली इवलीशी पीनियल ग्रंथी मेलाटोनिन नावाचं संप्रेरक रक्तात सोडू लागते. उजाडलं की बंद. रात्र जितकी लांब, तितका जास्त वेळ मेलाटोनिन रक्तात. हा वेळ वाढत चालला की मेंदू पीयूषिका ग्रंथीला कामाला लावतो, तिची संप्रेरकं अंडाशयाला जागं करतात आणि शेळी माजावर येते.

घोडीच्या रक्तातही हेच मेलाटोनिन असतं, पण ती त्याचा अर्थ उलटा लावते. रात्री लहान झाल्या की ती माजावर येते. का? कारण ती 11 महिने गाभण असते. बोटांवर मोजा बघू, शिंगरू कधी जन्मेल? वसंतातच!

आता कळंबला या. लंडनमध्ये सर्वांत मोठा दिवस साडेसोळा तासांहून मोठा, सर्वांत लहान 8 तासांचाही नाही. कळंबला हेच आकडे साधारण सव्वातेरा आणि 11. एवढ्याशा फरकावर कोण भरवसा ठेवणार? शिवाय इथला चारा पावसावर उगवतो, आणि पावसाचं वेळापत्रक तर तुम्हाला माहीतच आहे! म्हणून आपली शेळी रात्रीपेक्षा पोटाकडे जास्त बघते. चारापाणी चांगलं मिळालं की माजावर येते.

थंड देशांतली मेंढीही शेळीसारखीच रात्र मोजते. तिने लवकर माजावर यावं म्हणून काही ठिकाणी मेंढपाळ तिच्या कानामागे, कातडीखाली मेलाटोनिनची बारीक गोळी बसवतात. भर उन्हाळ्यात बिचारीला वाटतं, रात्री लांबल्या!