नवीन व्यवसायाचे नाव कसे ठरवावे? फरीदाबादमधील एका प्रशिक्षण व्यवसायाचे उदाहरण

समजा, फरीदाबादमधील दोन पदवीधर मित्रांना लहान उद्योजकांना ऑनलाइन मार्केटिंग शिकवण्याचा व्यवसाय सुरू करायचा आहे. गावात गिऱ्हाइकांची कमतरता नाही. फाळणीनंतर निर्वासितांसाठी वसवलेल्या एनआयटी भागात आणि त्याच्या आसपास छोटे कारखाने आहेत, जॉबवर्क करणारी वर्कशॉप आहेत, दुकाने आहेत. (इथे एनआयटी म्हणजे 'न्यू इंडस्ट्रियल टाउनशिप'. इतर गावांत हीच तीन अक्षरे अभियांत्रिकी महाविद्यालयासाठी वापरतात. आद्याक्षरांचे नाव किती निसरडे असते, ते यावरून दिसते.) यातल्या अनेकांचा माल चांगला असतो, पण इंटरनेटवर तो कसा दाखवावा हे ठाऊक नसते.

दोघे नावाचा विचार करू लागतात आणि पहिले नाव सुचते ते असे: 'फरीदाबाद ऑनलाइन मार्केटिंग ट्रेनिंग सेंटर'. नाव वाचताच धंदा कळतो, म्हणून ते बरे वाटते. मात्र हे नाव त्यांना स्वतःचे म्हणून कधीच सांगता येणार नाही. जे नाव धंद्याची सगळी माहिती देते ते बहुधा आपल्या मालकीचे होत नाही, आणि जे मालकीचे होऊ शकते ते सुरुवातीला काहीच सांगत नाही. नामकरणाची खरी अडचण ही आहे.

नावांची उतरंड

व्यापारचिन्ह कायद्याच्या अभ्यासात नावांचे बळ मोजण्याची एक पद्धत आहे. अमेरिकेतील 'ॲबरक्रॉम्बी' खटल्याच्या १९७६ च्या निकालातून ती रूढ झाली. तळाशी सामान्यनामे असतात, उदाहरणार्थ 'ट्रेनिंग सेंटर'. त्यांच्यावर वर्णनात्मक नावे, मग सूचक नावे, आणि सर्वांत वर दुसऱ्याच अर्थाचा शब्द घेऊन ठेवलेली किंवा नव्याने घडवलेली नावे. भारताच्या व्यापारचिन्ह अधिनियम १९९९ मध्ये ही उतरंड या शब्दांत दिलेली नाही. पण कलम ९ चा रोख तोच आहे: सेवेचा प्रकार, दर्जा, हेतू किंवा ठिकाण एवढेच सांगणारे शब्द नोंदवता येत नाहीत. अर्जाआधीच्या दीर्घ वापरामुळे लोक तो शब्द एकाच व्यवसायाशी जोडू लागले असतील, तर अपवाद होतो.

या अपवादाचे गाजलेले उदाहरण फरीदाबादपासून दूर नाही. नोएडाच्या इन्फो एज कंपनीचे 'नौकरी डॉट कॉम' १९९७ पासून चालते. 'नौकरी' हा शब्द तर रोजच्या बोलण्यातला. तरीही रोमन लिपीत एक 'ए' जास्त घालून 'नौकरी' असेच वाचता येईल असे संकेतस्थळ दुसऱ्याने काढले, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने २००२ मध्ये अंतरिम मनाई दिली. लोकांच्या मनात तो शब्द त्या सेवेशी जोडला गेला होता आणि स्पेलिंगमधला बदल गिऱ्हाईक वळवण्यासाठी केलेला दिसत होता. हे उदाहरण वाचून विद्यार्थी नेहमी म्हणतात, "मग वर्णनात्मक नाव चालते की!" चालते, पण इन्फो एजने आधी कित्येक वर्षे जाहिरात आणि सेवा यांवर खर्च केला होता. आपल्या दोन मित्रांकडे तेवढे भांडवल नाही.

उलट बाजूही दिल्ली उच्च न्यायालयानेच दाखवली. खाद्यतेलाच्या 'लो ॲब्सॉर्ब' या शब्दांवरून मॅरिको आणि ॲग्रो टेक फूड्स यांच्यात वाद झाला. हे शब्द मालाचा गुणच सांगतात, म्हणून त्यांच्यावर एकाधिकार सांगणाऱ्या मॅरिकोला २०१० मध्ये खंडपीठाकडून दिलासा मिळाला नाही. मॅरिकोसारख्या कंपनीची ही स्थिती, तर नवख्याची काय होईल?

शोधयंत्रातले नाव

हा व्यवसाय ऑनलाइन मार्केटिंग शिकवणारा आहे, त्यामुळे त्याला आणखी एक परीक्षा द्यावी लागते. 'ऑनलाइन मार्केटिंग ट्रेनिंग फरीदाबाद' हे शब्द कोणीही शोधतो आणि कोणीही आपल्या पानावर लिहू शकतो. एखाद्या शिकवलेल्या कारखानदाराने मित्राला नाव सांगितले आणि मित्राने ते शोधले, तर समोर दहा क्लास येतील. तोंडी शिफारस फुकट जाईल.

प्रतिस्पर्ध्याने आपल्या नावावर जाहिरात लावली तर काय, हा प्रश्नही न्यायालयात गेला आहे. 'अगरवाल पॅकर्स अँड मूव्हर्स' हे चिन्ह असलेल्या डीआरएस लॉजिस्टिक्सने गूगलविरुद्ध तक्रार केली. १० ऑगस्ट २०२३ च्या निकालात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने म्हटले की, जाहिरातीसाठी दुसऱ्याचे चिन्ह कीवर्ड म्हणून वापरणे तेवढ्यानेच बेकायदा ठरत नाही. गिऱ्हाइकाची दिशाभूल होत असेल किंवा चिन्हाचा गैरफायदा घेतला जात असेल तर ठरते. आडनाव आणि कामाचे वर्णन एवढ्यावर उभ्या नावाला अशी भांडणे फार करावी लागतात, असे माझे निरीक्षण आहे.

मग सूचक नाव शोधू. हिंदी पट्ट्यात दिवसाच्या पहिल्या विक्रीला 'बोहनी' म्हणतात. मराठी दुकानदार तिलाच 'भवानी' म्हणतो. 'बोहनी' ऐकून कोणी लगेच "मार्केटिंगचा क्लास" म्हणणार नाही, पण दुकानदाराला त्यातली आशा समजेल. दुसरा पर्याय 'गल्ला'. तो हिंदीतही कळतो आणि मराठीतही, पण मराठीत 'गल्लाभरू' हा शब्द कौतुकाचा नाही. उद्या हाच वर्ग नाशिकला सुरू केला तर नाव अंगावर येईल. म्हणून नाव किमान दोन भाषांत उच्चारून पाहावे.

'बोहनी'तही एक खोच आहे. रोमन लिपीत 'एच'नंतर 'ए' लिहायचा की नाही? 'नौकरी'चा धडा इथे उपयोगी पडतो: दोन्ही स्पेलिंगची डोमेन सुरुवातीलाच घ्यावीत. त्यासोबत देवनागरीतले '.भारत' डोमेनही घेता येते. ते २०१४ पासून उपलब्ध आहे. आणि एक साधी चाचणी: नाव फोनवरून एकदाच सांगा. समोरच्याने "स्पेलिंग काय?" असे विचारले, तर यादीतले पुढचे नाव घ्या. धंद्याचे वर्णन हवेच असेल तर ते नावाखालच्या ओळीत लिहावे: 'बोहनी – लहान व्यवसायांसाठी ऑनलाइन मार्केटिंगचे वर्ग'. माहिती देण्याचे काम ही ओळ करते, ओळख राखण्याचे काम नाव करते.

सरकारी कागद

व्यवसाय कंपनी म्हणून काढायचा असेल, तर नाव स्पाइस प्लस अर्जाच्या पहिल्या भागातून आरक्षित करतात. मंजुरीनंतर ते २० दिवस राखून ठेवले जाते. आधीच्या कंपनीच्या नावाशी साम्य तपासताना एकवचन-अनेकवचन, स्पेलिंगमधले किरकोळ फरक, भाषांतर आणि जोडलेले गावाचे नाव हे भेद धरले जात नाहीत. म्हणजे दुसऱ्याच्या नावापुढे 'फरीदाबाद' लावून सुटका नाही. नावात 'युनिव्हर्सिटी' घालण्याचा मोहही टाळावा. विद्यापीठ अनुदान आयोग अधिनियम १९५६ चे कलम २३ ते करू देत नाही.

कंपनीचे नाव मंजूर झाले म्हणजे व्यापारचिन्ह मिळाले, असा गैरसमज फार पसरला आहे. दोन्ही नोंदी वेगळ्या. व्यापारचिन्हाचा मालक कंपनी स्थापन झाल्यापासून तीन वर्षांत तक्रार करून तिला नाव बदलायला लावू शकतो (कंपनी अधिनियम २०१३, कलम १६). तोवर फलक, पत्रके आणि शिकवलेल्या लोकांच्या प्रमाणपत्रांवर जुने नाव छापून झालेले असते.

व्यापारचिन्हासाठी हरियाणातील अर्जदाराचे कार्यालय दिल्लीत, द्वारकेला आहे. अर्ज ऑनलाइन करता येतो. शिक्षण-प्रशिक्षण वर्ग ४१ मध्ये येते, जाहिरात आणि व्यवसाय-सेवा वर्ग ३५ मध्ये. हे मित्र शिकवण्याबरोबर इतरांच्या जाहिरातीही चालवणार असतील तर दोन्ही वर्ग लागतील. २०१७ च्या नियमांनुसार व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योग यांना ऑनलाइन अर्जाचे शुल्क प्रत्येक वर्गाला ४,५०० रुपये आहे, म्हणजे दोन वर्गांचे ९,०००. नोंदणी दहा वर्षांची असते आणि पुढे नूतनीकरण करता येते. अर्जाआधी नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर शब्दानुसार आणि उच्चारानुसार असा दोन्ही प्रकारे मोफत शोध घ्यावा. 'बोहनी'सुद्धा या चाळणीतून गेल्याशिवाय पक्के करू नये.

नोंदणी नसली तरी आधीच्या वापराला कायद्यात किंमत आहे. पुण्याच्या कॅम्प भागातील 'बर्गर किंग' या खाद्यगृहावर त्याच नावाच्या अमेरिकी कंपनीने २०११ मध्ये दावा लावला. खाद्यगृह १९९० च्या दशकापासून ते नाव वापरत होते, तर कंपनीचे भारतातले पहिले दुकान २०१४ मध्ये उघडले. जिल्हा न्यायालयाने २०२४ मध्ये दावा फेटाळला आणि वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला. एका खाद्यगृहाला एका नावासाठी तेरा वर्षे फक्त पहिल्या निकालापर्यंत पोहोचायला लागली. अशा वादात आधीचा वापर सिद्ध होतो तो कागदांनी: तारीख असलेली बिले, जाहिरातीच्या पावत्या, डोमेन घेतल्याची पावती. आपल्या दोघा मित्रांनी पहिल्या विद्यार्थ्याला दिलेल्या पावतीवर नाव आणि तारीख स्पष्ट लिहावी आणि तिची प्रत फाइलमध्ये सर्वांत वर लावावी.