हिशेब मिटल्यावर

‘शांती’ म्हटलं की आपल्यासमोर बहुधा मिटल्या डोळ्यांनी बसलेलं कुणीतरी येतं. श्वास संथ, मन निवलेलं, जगाचा गलबला लांब. बायबलमधली शांती समजून घ्यायची तर हे चित्र थोडं बाजूला ठेवावं लागतं. तिथला हिब्रू शब्द आहे ‘शालोम’, आणि त्याच धातूपासून आलेलं क्रियापद निर्गमाच्या पुस्तकात भेटतं ते चक्क गुरंचोरीच्या कायद्यात: कुणी बैल चोरून कापला किंवा विकला, तर एकाबद्दल पाच बैल देऊन भरपाई करावी. म्हणजे शालोमच्या मुळाशी देणं चुकतं होणं आहे, मोडलेलं भरून निघणं आहे. आशेसाठीचा ‘तिकवा’ हा शब्दही असाच हातात धरता येण्याजोगा. यरीहोच्या राहाबने खिडकीला जो किरमिजी दोर बांधला, त्या दोरालाही यहोशवाच्या पुस्तकात हाच शब्द आहे. आपण ‘आशेचा धागा’ म्हणतोच की. तर या परंपरेत शांती म्हणजे हिशेब मिटल्याची निश्चिंती आणि आशा म्हणजे धरून राहायचा दोर. मनाला तात्पुरतं बरं वाटण्याशी दोन्हींचा संबंध बेताचाच. ही निश्चिंती माणसाला दुःखापासून लांब नेत नाही, उलट दुःखाकडे नीट बघायला मोकळं करते, असं मला वाटतं. हे म्हणणं तपासायला पंडिता रमाबाईंइतकं चांगलं उदाहरण मराठीत दुसरं नाही, कारण ही बाई कुणाचंही म्हणणं सहजासहजी मानणारी नव्हती.

रमाबाईंचा जन्म १८५८चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतला, आणि पुढे सगळं कुटुंब तीर्थक्षेत्रांतून पुराणं सांगत हिंडत राहिलं. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात वडील, आई आणि बहीण गेली. १८८० साली भाऊ गेला, १८८२ साली नवरा. वयाची पंचविशीही झाली नव्हती आणि पदरात मनोरमा नावाची लहानगी. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला. त्यामागचं एक कारण रमाबाईंनी स्वतः नोंदवलेलं आहे. लंडनजवळ फुलहॅम इथे समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या बायकांना तिथल्या ख्रिस्ती भगिनी सन्मानाने सांभाळत होत्या. हे त्यांना कशामुळे करावंसं वाटतं, असं रमाबाईंनी विचारलं, तेव्हा उत्तरादाखल त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली येशू आणि शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचायला मिळाली. पण धर्म स्वीकारला म्हणून त्या गप्प बसल्या नाहीत. त्रैक्याच्या सिद्धांतावर त्यांनी पत्रांमधून हुज्जत घातली, शाकाहार सोडला नाही, आणि धर्मगुरू सांगतात म्हणून एखादी गोष्ट खरी मानायलाही त्या तयार नव्हत्या.

गंमत अशी, की हव्या त्या शांतीचा पत्ता तेव्हाही नव्हता. १९०७च्या आत्मनिवेदनात रमाबाई सांगतात, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त भेटला तो त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाचं आत्मकथन वाचताना. ही आठ वर्षं मला बाप्तिस्म्याच्या तारखेपेक्षा महत्त्वाची वाटतात. दुष्काळात त्यांच्या आईवडिलांनी होतं नव्हतं ते दानधर्मात आणि अनुष्ठानांत घातलं होतं, पुण्य साठेल आणि देव पावेल या भरवशावर. इंग्लंडमध्ये देव बदलला, तरी खतावणी तीच राहिली असावी: पुरेसं चांगलं वागणं, बरोबर मतं बाळगणं, आणि जमेची बाजू भरली की नाही हे रात्री मोजणं. ख्रिस्ती श्रद्धेचा मूळ दावा असा, की हे देणं माणसाने फेडायचं नाही, ते क्रुसावर आधीच फिटलेलं आहे. ते मान्य करून स्वीकारायचं एवढंच. कृपेची ही कल्पना वारकरी घरातल्या माणसाला अनोळखी वाटायची नाही. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताबद्दल सांगायला अभंग हा प्रकार उचलला, तो काही निव्वळ छंदाच्या आवडीपोटी नसावा.

आता खरी परीक्षा पुढची. मन निवलेलं माणूस घरात बसतं की बाहेर पडतं? १८९६-९७च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तिथून सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन आल्या. तसली हाडं वर आलेली शरीरं त्यांनी वीस वर्षांपूर्वी आपल्याच घरात पाहिली होती. त्या आठवणीपासून तोंड फिरवलं असतं तरी कुणी दोष दिला नसता. त्यांच्यासाठी दौंडच्या अलीकडे केडगावला ‘मुक्ती’ ही संस्था उभी राहिली. पुढे तिथे शेती आली, विणकाम आलं, अंध मुलींसाठी ब्रेल शिकवायची सोय आली, छापखाना आला. दुष्काळातून उचलून आणलेल्या मुली तिथे अक्षरांच्या पेटीपुढे बसून शिशाचे खिळे जुळवू लागल्या. खिळ्यावर अक्षर उलटं असतं, काना-मात्रा आरशातल्यासारख्या वाचाव्या लागतात; ज्यांना कालपर्यंत सुलटं अक्षरही माहीत नव्हतं, त्या उलटं वाचायला शिकल्या. रमाबाई स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या बायकांना समजेल अशा मराठीत बायबल आणत होत्या, आणि त्या हस्तलिखिताची पानं या मुलींच्या हाती जात होती.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: धर्म म्हणजे अफू. मार्क्सने १८४४ साली ते लिहिलं खरं, पण त्याच उताऱ्यात धर्माला त्याने पिचलेल्या जिवाचा उसासाही म्हटलं आहे, हे सहसा कुणी सांगत नाही. झोप आणणारी श्रद्धा असते, याबद्दल वाद नाही. परलोकाची आमिषं दाखवून मजुराला गप्प बसवणारे प्रवचनकार युरोपात कमी झाले नाहीत. केडगावची श्रद्धा मात्र झोपू देणारी नव्हती. दुसरा आक्षेप अधिक मजबूत आहे. हीच कामं श्रद्धेवाचूनही होतात. रमाबाईंच्याच ‘शारदा सदन’ या शाळेतल्या विद्यार्थिनीशी, एका विधवेशी, धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली लग्न केलं आणि पुढे त्यांनी जी संस्था उभारली तिला कुठल्या ईश्वराचा आधार लागला नाही. हे मान्यच करायला हवं. करुणेचा मक्ता ख्रिस्ती धर्माकडे नाही. माझं म्हणणं एवढंच, की ख्रिस्ती शांती खरी असेल तर ती करुणेच्या आड येत नाही. तिसरा आक्षेप मात्र पूर्ण खोडता येत नाही. त्याच १८९३ साली शारदा सदनात मुलींवर ख्रिस्ती संस्कार होतात म्हणून ओरड झाली, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचं म्हणणं, मी माझ्या खोलीत दार उघडं ठेवून प्रार्थना करते, येणाऱ्यांना अडवत नाही. पण जिला खाऊ घालणारं दुसरं कुणी नाही, त्या पोरीचं ‘येणं’ कितपत मोकळं म्हणायचं? त्या उघड्या दारातही थोडी सक्ती होतीच, असं मला वाटतं.

राहिला सर्वांत जुना प्रश्न: श्रद्धा असून दुःख टळत नाही, मग आशा कशाची? बायबल या प्रश्नाला घाईने उत्तर देत नाही. स्तोत्रसंहितेतलं ८८वं स्तोत्र अंधारातच संपतं, शेवटी दिवा लागत नाही. ईयोबाला त्याच्यावर संकटं का आली, हे अखेरपर्यंत कळत नाही. क्रुसावरचा येशू देवाने आपल्याला का टाकलं, असं विचारतो, तेही २२व्या स्तोत्रातल्या शब्दांत. बुद्धीच्या पलीकडच्या शांतीबद्दल पौल फिलिप्पैकरांना लिहितो, तेव्हा तो कैदेत आहे. पुनरुत्थानाची आशा या सगळ्याच्या नंतर येते, आणि ती मानायची की नाही हा ज्याचा त्याचा निर्णय. पण ती आशा रडू देते, तक्रार करू देते, हे तिच्या विरोधकालाही नाकारता यायचं नाही.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली, वय चाळीस. आईच्या मागे मुक्तीचा कारभार तिने पाहायचा, अशी अपेक्षा होती. रमाबाई तेव्हा ६३ वर्षांच्या. भाषांतराचं काम त्यांनी पुढे चालूच ठेवलं; ५ एप्रिल १९२२ला त्याही गेल्या. संपूर्ण बायबल छापून झालं ते १९२४ साली, केडगावच्याच छापखान्यात, मुक्तीतल्या बायकांनी जुळवलेल्या खिळ्यांवरून.