विलापाचा अधिकार (लेखांक सहावा)

तापमानवाढीमुळे आपले आणि पुढच्या पिढ्यांचे आयुष्य असुरक्षित होणार, या जाणिवेतून मनात घर करून राहणारी भीती, शोक आणि असहायता यांना मागील लेखांकात ‘हवामानचिंता’ म्हटले होते. ‘लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’ या नियतकालिकात २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या, भारतासह दहा देशांतील १६ ते २५ वयोगटातील १०,००० तरुणांच्या पाहणीत ५९ टक्के तरुणांनी आपण अतिशय किंवा कमालीचे चिंतित असल्याचे सांगितले होते. खानदेशात ही चिंता बांधावरच भेटते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की रावेर-यावलच्या केळीची पाने करपतात, वळवाच्या वादळात घड लागलेली झाडे आडवी होतात, आणि ज्या घराचे वर्षभराचे गणित या बागांवर किंवा बागेतल्या मजुरीवर उभे असते, त्या घरातली मुलगी पुढे काय होणार असे विचारते, तेव्हा तो प्रश्न वर्तमानपत्रातून उचललेला नसतो.

मंडळीत, म्हणजे स्थानिक ख्रिस्ती समाजात, तिला बहुधा पहिले उत्तर मिळते ते डोंगरावरील प्रवचनातले; मत्तयाच्या सहाव्या अध्यायात येशूने आकाशातील पाखरे आणि रानातली फुले दाखवून उद्याची चिंता करू नये असे सांगितले आहे. हे उत्तर खरे आहे, परंतु घाईने दिले की तिची भीती हाच अविश्वास ठरतो, आणि हा तिच्यावर अन्याय आहे. त्याच अध्यायात देवाचे राज्य आणि नीतिमत्त्व शोधण्यास सांगितले असल्यामुळे, शेजाऱ्याच्या पाण्याची आणि भाकरीची काळजी येशूने नाकारली असे म्हणता येत नाही.

येथे बायबलमधील विलापाची परंपरा अधिक कामाची आहे. विलाप म्हणजे दुःख देवापासून न लपवता त्याच्याचपाशी केलेली तक्रार. स्तोत्रसंहितेतील १५० स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश स्तोत्रे या प्रकारची आहेत. योएलाच्या ग्रंथाचा पहिला अध्याय तर तापीकाठच्या वाचकाला फारच ओळखीचा वाटेल : फस्त झालेली शेते, सुकलेली डाळिंबे, कोरडे पडलेले ओहोळ आणि चाऱ्यावाचून हंबरणारी गुरे. हा संदेष्टा, म्हणजे देवाचा निरोप पोचवणारा, शेतकऱ्यांना धीर धरा असे न सांगता आक्रोश करा असे सांगतो, आणि वडीलधाऱ्यांसह सर्वांना देवाच्या मंदिरात बोलावतो. हवामानचिंतेत एकटेपण सर्वांत जास्त पोखरत असल्यामुळे हे एकत्र बोलावणे महत्त्वाचे ठरते. तरुणांच्या सभेत हा अध्याय वाचून प्रत्येकाने आपले नुकसान नाव घेऊन सांगावे, मग ती आटलेली विहीर असो, विकलेली बैलजोडी असो की शिक्षण सोडून सुरतेला गेलेला भाऊ. पाळकांनी त्यावर लगेच उत्तर न देता ऐकावे. अंजिराला फूल नाही, गोठ्यात गुरे नाहीत, तरी देवाच्या ठायी आनंद मानीन, हा हबक्कूकाचा निर्धार तिसऱ्या अध्यायात येतो, त्याआधी तो देवाशी वाद घालून चुकलेला असतो. हा क्रम उलटा करता येत नाही.

रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात पौल सृष्टीच्या कण्हण्याला प्रसूतिवेदनांची उपमा देतो, आणि वेणा सुरू झालेल्या घरात कोणी हात बांधून बसत नाही. साक्री तालुक्यातील बारीपाड्यात चैत्राम पवार यांनी, ज्यांना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली, ग्रामस्थांसह सुमारे ४०० हेक्टर जंगल गावाच्या नियमांनी राखले आहे. हे काम मंडळीचे नाही. तरीही जळगाव-धुळ्याच्या तरुण संघांनी सहलीऐवजी दोन दिवस तेथे राहून, कोणत्या नियमाला गावाने आधी विरोध केला आणि तो शेवटी कसा पाळला गेला, हे तेथल्या वडीलधाऱ्यांना विचारावे.