असं का होतं? : वाचलं खूप, आठवेना काही

परीक्षा तोंडावर आली की झेरॉक्सच्या दुकानांत नोट्ससाठी झुंबड उडते. मग तेच पान चारदा वाचायचं, पिवळ्या पेनानं रंगवायचं. पान ओळखीचं वाटतं आणि आपण फसतो. ओळखणं वेगळं, आठवणं वेगळं. पुस्तक मिटून उत्तर शोधताना मेंदूची जी धडपड होते, तिनंच पुढच्या वेळची वाट मळते.

अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली हे दाखवलं. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत उतारा पुन्हा वाचणारे आठवून लिहिणाऱ्यांच्या पुढे होते! आठवड्यानंतर मात्र त्यांना ४२ टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ५६. आपला तिन्हीसांजेचा परवचा दुसरं काय होता? पुस्तक नाही, रोज थोडं.

तेव्हा धडा संपला की कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा, मगच पुस्तक उघडा. दोन दिवसांनी पुन्हा. पहिल्यांदा कागद निम्मा रिकामा राहील, राहू द्या.